मे महिन्यात श्रीलंका? मग किनारा बदला

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, २५ मे ते ३ जून, श्रीलंकेला जायचं चाललंय. मी, माझे मिस्टर, दहा वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. मुलीने समुद्र अजून पाहिलेलाच नाही, तिला तोच हवाय. सासूबाई दरवर्षी न चुकता दीक्षाभूमीला जातात. त्यांना अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचं दंतमंदिर बघायचंय. त्या शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. एका टूरवाल्यांनी नऊ रात्रींचा बेत दिलाय: निगोंबो, कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा, एला, नुवारा एलिया, कँडी. त्यात अनुराधापूर नाही. घरात कोणालाच पोहता येत नाही. ॲडव्हान्स अजून दिलेला नाही. द्यावा का?

– एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर

ताई, ॲडव्हान्स दिला नाही हे फार बरं केलंत. या बेतासाठी देऊही नका. बेत तसा वाईट नाही, पण तो जानेवारीचा आहे. मेअखेरीला बेंटोटा, गॉल आणि मिरिसा या तिन्ही ठिकाणी समुद्र खवळलेला असतो. किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात आणि तुमची लेक हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसेल. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या मुलीच्या वाट्याला हे यायला नको.

असं का होतं हे नीट समजलं की पुढचा सगळा बेत आपोआप सुचतो. श्रीलंकेला पावसाळे दोन आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून मोसमी वारा येतो, तो पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतो. हे वारे मग मधल्या डोंगरांवर चढतात. तिथलं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला २,५२४ मीटरचं आहे. ढग तिथेच रिकामे होतात आणि पलीकडे पूर्वेला उतरेपर्यंत वारा कोरडा होऊन जातो. सह्याद्री ओलांडल्यावर कोकणातला पाऊस माण-खटावला पोचेपर्यंत जसा आटतो, अगदी तसंच. म्हणून मे ते सप्टेंबर पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, इथला समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सगळं उलटं होतं. तेव्हा ईशान्येकडचा पाऊस पूर्वेला पडतो आणि गॉल-मिरिसाचा समुद्र निवळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडे पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळंही होतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा विचार करू नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली दुसरी काळजी डोंगराची. २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षी मे महिन्यातच श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात पूर आले, दरडी कोसळल्या आणि मोठी जीवितहानी झाली. एला आणि नुवारा एलियाची रेल्वे फार सुंदर आहे, पण दरड पडली की तो मार्ग बंद होतो. सासूबाईंना घेऊन त्या घाटांत अडकण्यापेक्षा यंदा ते दोन्ही गाळा. तसंही नऊ रात्रींत आठ मुक्काम म्हणजे रोज सकाळी बॅगा भरणं आणि दुपारी उघडणं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालण्यापेक्षा हे गाडीत चढणं-उतरणंच जास्त जड जातं.

आता तुमच्या तारखांना बसणारा बेत. पहिली रात्र निगोंबोला. विमानतळ कोलंबोत नाही, कोलंबोच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे आणि निगोंबो त्याच्या अगदी जवळ. कोलंबो शहरात शिरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्तरेकडे निघण्यात अर्धा दिवस फुकट जातो. निगोंबोला फक्त झोपा, तिथल्या समुद्रात उतरू नका, तो पश्चिम किनारा आहे. दुसऱ्या दिवशी अनुराधापूर, साधारण चार तास, दोन रात्री. मग निलावेली, सव्वाशे किलोमीटरच्या आत, अडीच-तीन तास, दोन रात्री. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला पासिकुडा, तीन तास धरा, दोन रात्री. पासिकुड्याहून कँडीला जाताना वाटेत पोलोन्नरुवा लागतं. तिथे एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत, त्या बघून संध्याकाळपर्यंत कँडी. कँडीला दोन रात्री आणि तिथून थेट विमानतळ. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच आहे, पण रस्ता डोंगरातून उतरतो आणि गर्दीचा आहे, म्हणून चार तास हाताशी ठेवा. परतीचं विमान सकाळी असेल तर कँडीची एक रात्र कमी करून शेवटची रात्र पुन्हा निगोंबोला काढा.

यासाठी चालकासह व्हॅन ठरवा. स्वतः गाडी चालवायच्या भानगडीत पडू नका, आपला परवाना तिथे वेगळ्या मंजुरीशिवाय चालत नाही. व्हॅनवाल्याशी बोलताना पाच गोष्टी मेसेजमध्ये लिहून घ्या: दर दिवसावर की किलोमीटरवर, दिवसाला किती किलोमीटर धरलेत, इंधन कोणाचं, टोल आणि पार्किंग कोणाचं, चालकाच्या जेवणाचं आणि राहण्याचं कोण बघणार. बऱ्याच हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते, पण ती आहे का हे बुकिंग करतानाच विचारावं लागतं. या पाचांपैकी एक जरी तोंडी राहिलं तर शेवटच्या दिवशी वाद तिथेच होतो.

आता समुद्राबद्दल. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय की कोणालाच पोहता येत नाही. आपल्या नागपूरच्या माणसाला पाणी माहीत असतं ते फुटाळ्याचं आणि अंबाझरीचं. तलावाचं पाणी जिथे आहे तिथेच असतं. समुद्रात गुडघाभर पाणीसुद्धा ओढतं. लाट किनाऱ्यावर आली की तेवढं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट पट्टीतून वेगाने आत जातं. अडचण अशी की नवख्याला तीच जागा सर्वांत शांत वाटते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पाच-दहा मीटरच्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी जरा गडद किंवा वाळूने गढूळ दिसतं, फेस आणि काडीकचरा आत जाताना दिसतो. ‘इथे लाटा नाहीत, इथे उतरू’ असं म्हणत माणसं नेमकी तिथेच जातात. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कोणीही पाण्यात जाऊ नका. वाळूच्या उंच भागावर उभं राहून फक्त बघा. लेकीलाही हे बघायला शिकवा, मुलांना ती पट्टी ओळखण्यात फार मजा वाटते.

त्यातूनही कोणी ओढलं गेलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडायचं नाही. त्यातच दम संपतो आणि माणूस बुडतो. ओढ तुम्हाला आत नेते, खाली नाही. पाठीवर पडून तरंगायचं, एक हात वर करायचा, ओरडायचं. पोहता येणारा असेल तर त्याने किनाऱ्याला समांतर जायचं आणि ओढ संपली की तिरकं बाहेर यायचं. वाचवायला दुसऱ्या कोणी उडी मारायची नाही. दोरी, रिकामा पाण्याचा डबा, कूलबॉक्स, जे तरंगतं ते फेकायचं. लाल बावटा असेल तर पायही बुडवायचे नाहीत, आणि बावटा नाही म्हणजे धोका नाही असंही समजायचं नाही.

पूर्व किनाऱ्याची एक खास गोष्ट टूरवाले सांगत नाहीत. मेअखेरपासून तिथे जमिनीकडून समुद्राकडे कोरडा वारा वाहतो. तमिळमध्ये त्याला कच्चान म्हणतात. या वाऱ्यामुळेच किनाऱ्याजवळ लाटा दबलेल्या असतात आणि पाणी काचेसारखं दिसतं. पण हाच वारा हवा भरलेली ट्यूब, गादी किंवा प्लास्टिकची बदकं सरळ आत ढकलतो. मूल ट्यूबमध्ये बसलेलं असतं, आई-वडील कमरेएवढ्या पाण्यात असतात आणि दोन मिनिटांत अंतर वाढतं. म्हणून हवेची एकही वस्तू नेऊ नका. मुलीसाठी इथूनच तिच्या वजनाचं लाइफ जॅकेट घ्या, ज्याला पायांमधून जाणारा पट्टा असतो ते. तो पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून गळ्याशी येतं आणि मूल खाली घसरतं. घालून झालं की खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानांपर्यंत आलं तर ते मोठं आहे.

समुद्रात उतरण्यासाठी पासिकुडाच निवडायचं. तिथल्या खाडीला प्रवाळाच्या खडकांचा आडोसा आहे, त्यामुळे पाणी उथळ असतं आणि बरंच आत चालत गेलं तरी कमरेच्या वर येत नाही. शेजारच्याच कालकुड्याला तो आडोसा नाही, दोन्ही एकच समजू नका. निलावेलीला पाण्याच्या काठाशी खेळा, शिंपले वेचा. समोर किलोमीटरभरावर पिजन आयलंड आहे, ते २००३ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे उथळ पाण्यात प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. मिस्टरांना आणि लेकीला जायचं असेल तर जॅकेट असलेलीच नाव घ्या, सकाळी आठच्या आत निघा आणि पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. प्रवाळाने कापलेली जखम लहान दिसते, पण आत कण राहतात आणि ती चिघळते. कापलं तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं, हळुवार घासून कण काढायचे, मग जंतुनाशक. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुकडाही उचलायचा नाही. तो जिवंत असतो आणि उचलणं गुन्हा आहे.

कपड्यांचंही ऐका. साडी, सलवार, जीन्स घालून पाण्यात उतरू नका. भिजलेली साडी पायांत गुंडाळते आणि जीन्स दुप्पट जड होते. अंगाबरोबर बसणारी नायलॉनची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट सीताबर्डीतही मिळतो. त्याने ऊनही अडतं आणि अंग झाकलेलंही राहतं.

उन्हाबद्दल नागपूरकर म्हणतात, ‘आम्ही ४५ अंश सोसतो, आम्हाला ३३ चं काय?’ हा हिशेब तिथे चुकतो. आपला कूलर का चालतो ते आठवा. खसातलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि उडताना उष्णता सोबत नेतं. आपलं अंगही हेच करतं, घाम वाळतो म्हणून आपण तग धरतो. निगोंबोला हवेत दमटपणा सत्तर-ऐंशी टक्के असतो. तिथे घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. पाणी आणि मीठ जात राहतं पण अंग थंड होत नाही. ३३ अंशांतच डोकं जड होतं, पिंढऱ्यांत गोळे येतात. तेव्हा एसीची खोली घ्या, दहा ते तीन बाहेर पडू नका आणि ओआरएस जवळ ठेवा. पाकिटावर वाचून घ्या, मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि लहान २०० मिलीसाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घोळून दिलं तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. सासूबाईंना रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी असेल तर घाम आणि गोळी मिळून पाणी फार कमी होतं. निघण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा की तिथे डोस तोच ठेवायचा का. रस्त्याकडेला केशरी रंगाचे नारळ दिसतील, त्यांना तिकडे तंबिली म्हणतात. ते पाणी दिवसातून दोनदा सर्वांनी प्या. साखरेचा त्रास असेल तर अर्धं.

तोंडाला दुपट्टा बांधण्याची आपली सवय तिथेही कामी येते, पण वाळू आणि पाणी यांवरून ऊन खालूनही परावर्तित होतं, छत्रीखाली बसूनही चेहरा भाजतो. सनस्क्रीन मोठ्या माणसाला पूर्ण अंगाला सहा चमचे लागतं आणि दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आलं की लगेच, पुन्हा. बोटभर लावून झालं असं समजतात तिथेच कातडी सोलवटते.

आता सासूबाईंच्या इच्छेकडे येऊ. ती या प्रवासाचा मधला खांब व्हायला हवी. दीक्षाभूमीच्या आवारातला बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरहून आणलेल्या रोपांतून वाढलेला आहे. म्हणजे ज्या झाडाखाली त्या दरवर्षी हात जोडतात, त्याचं मूळ झाड त्या बघणार आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या वृक्षाची फांदी तिथे नेली, अशी परंपरा आहे. आणि बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. हे त्यांना निघण्याआधी सांगा, त्यांच्या पायांत बळ येईल.

गुडघ्यांची सोय मात्र करावी लागेल. अनुराधापूर सपाट आहे, पण पसरलेलं आहे. बोधिवृक्षापासून रुवनवेलीसायाच्या पांढऱ्या स्तूपापर्यंतची वाट पायीच जावी लागते, आणि दोन्ही आवारांत चपला काढाव्या लागतात. दुपारी तिथला दगड तव्यासारखा तापतो. सकाळी सहा ते आठ किंवा सूर्य कलल्यावर जा आणि पायांत जाड पांढरे सुती मोजे घाला. चपला चालत नाहीत, मोजे चालतात. पांढरे कपडे घालण्याची तिथली रीत आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे हा मोठा अपमान समजतात आणि पोलीसही हटकतात. लेकीला हे आधीच सांगून ठेवा. अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेच्या टेकडीला १,८४० पायऱ्या आहेत, पण वरच्या वाहनतळापर्यंत गाडी नेली तर निम्म्याहून जास्त वाचतात. तिथून पुढे किती चढायचं ते सासूबाईंनी ठरवावं. सिगिरियाच्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आणि लोखंडी जिने आहेत, तो त्यांच्यासाठी नाही. कँडीच्या दंतमंदिरात पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाला असते. बुद्धांचा दात ठेवलेली पेटी पूजेच्या वेळीच जवळून दिसते, दात दिसत नाही. संध्याकाळी गर्दी फार, म्हणून त्यांना सकाळी साडेनऊला न्या. आपण सार्क देशाचे नागरिक असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी तिकिटात सवलत मिळते, पण खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. फोनमधला फोटो चालत नाही.

तारखा पक्क्या करण्याआधी पौर्णिमा कधी आहे ते बघा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते. वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. तेव्हा घराघरावर कंदील लागतात आणि रस्त्यावर दानसल नावाचे मोफत अन्नाचे मंडप उभे राहतात. त्याच्या पुढची पोसोन पौर्णिमा, सम्राट अशोकाचा मुलगा महिंद थेर धम्म घेऊन श्रीलंकेत आला त्याची. तेव्हा अनुराधापूर-मिहिंतलेला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दीक्षाभूमीसारखी गर्दी लोटते. सासूबाईंना ती गर्दीच हवी असेल तर राहण्याची सोय दोन महिने आधी करा. नको असेल तर त्या दिवशी निलावेलीला असा. मधलं काही करू नका.

जेवणाचा त्रास होणार नाही, एक शब्द माहीत असला तर. तो शब्द आहे उंबलकड. मालदीवकडचा वाळवलेला टणक मासा, त्याचा चुरा तिकडे चवीसाठी टाकतात. खोबऱ्याच्या लाल चटणीत, पोल सांबोलात, तो जवळजवळ असतोच. कधीकधी साध्या वरणातही असतो. ‘व्हेज’ म्हटलं तरी वाढणाऱ्याला वाटतं की चुरा म्हणजे काही मासा नाही, त्यात फसवणूक नसते. म्हणून कँडीकडे सिंहलीत सांगा, ‘मस् एपा, माळु एपा, उंबलकड एपा.’ एपा म्हणजे नको. त्रिंकोमाली आणि पासिकुड्याकडे तमिळ चालतं, तिथे ‘मीन वेण्डाम, मासी वेण्डाम’ म्हणा. त्या भागात ‘सैवम्’ ही पाटी दिसली की निर्धास्त आत जा, ती शुद्ध शाकाहारी खाणावळ असते. इंडिअप्पा म्हणजे तांदळाच्या शेवया, आप्पे म्हणजे वाटीसारखे डोसे. जेवणानंतर मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितूल माडाची काकवी मागा, सासूबाईंना आवडेल. दिवुल नावाचं सरबत म्हणजे आपलं कवठच. दोन दिवस पुरेल इतका चिवडा, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं सोबत असू द्या, लोणचं घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या नको.

नागपूरहून कोलंबोला थेट विमान नाही. चेन्नई, मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादवरून जावं लागतं. तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी दोन तिकिटं स्वस्त दिसतात, पण नागपूरचं विमान उशिरा आलं आणि पुढचं सुटलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, सगळे पैसे जातात. शिवाय सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं. खर्च वाचवायचा असेल तर चेन्नईपर्यंत रेल्वे चांगली. तमिळनाडू एक्स्प्रेस आणि जीटी दोन्ही नागपूरवरून जातात, साधारण सोळा-अठरा तास. पण त्या दिल्लीहून येतात आणि उशीर सोबत आणतात. चेन्नईला गाडी पोचायची वेळ आणि विमानाची वेळ यात एक रात्र ठेवाच. चेन्नईहून कोलंबो सव्वा ते दीड तास.

कागदपत्रं आजच काढून बघा. चौघांच्याही पासपोर्टची मुदत पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने पुढे हवी. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे नेमका लेकीचा संपत आलेला निघतो. प्रवासाआधी ईटीए, म्हणजे तिथे येण्याची आगाऊ परवानगी, ऑनलाइन काढायचं. शुल्काचे नियम बदलत राहतात, म्हणून शासनाच्या संकेतस्थळावरच बघा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट एलके’ असतं. शोधल्यावर सर्वांत वर येणारी जाहिरातीची संकेतस्थळं बरीचशी खासगी असतात आणि वर दलाली घेतात. अर्जातलं नाव पासपोर्टवरच्या अक्षरांशी तंतोतंत जुळवा.

आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण साडेतीन मिळतात, भाव थोडा खालीवर होतो. थोडे डॉलर नेऊन विमानतळावर बदला. कार्डावर ‘आंतरराष्ट्रीय वापर’ बँकेच्या ॲपमधून सुरू करा, तो मुळात बंद असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिकडे आपलं यूपीआय चालतं, तेही ॲपमध्ये आधी चालू करावं लागतं, पण निलावेलीच्या टपरीवर रोखच लागेल. सिम विमानतळावर घ्या. प्लगच्या बाबतीत जुन्या इमारतींत आपल्यासारखी गोल भोकं असतात आणि नव्यांत चौकोनी तीन पिना, म्हणून एक ॲडॉप्टर आणि इथला एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या.

श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, पण डेंग्यू बारमाही असतो आणि त्याचा डास दिवसा चावतो. मुलीला सकाळी आणि दुपारी चारनंतर डासांचं मलम लावा, आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर मलम. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. सासूबाईंच्या गोळ्या मूळ पट्ट्यांत, पाच दिवस जास्तीच्या, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. प्रवासविमा काढताना त्यांचा जुना आजार लेखी नोंदवून घ्या, नाहीतर दावा नाकारतात. रुग्णवाहिकेसाठी १९९० फिरवा, ती सेवा मोफत आहे. पोलिसांसाठी ११९.

गॉल आणि मिरिसाचं तुमच्या मनात असेल तर ते जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवा, मुलगी अकरा-बारा वर्षांची झाल्यावर. तेव्हा कोलंबो फोर्टहून गॉलची रेल्वे धरा आणि उजव्या हाताची खिडकी पकडा. रूळ समुद्राला इतके लागून आहेत की लाटांचा आवाज डब्यात येतो. गॉलच्या किल्ल्यात अजूनही लोक राहतात, तटावरून पूर्ण फेरी घालता येते, आणि मिरिसाहून त्या दिवसांत देवमासे बघायला नावा जातात.

सध्या टूरवाल्यांना एवढंच विचारा: ‘याच तारखांना निगोंबो एक, अनुराधापूर दोन, निलावेली दोन, पासिकुडा दोन, कँडी दोन, असा बेत आणि चालकासह व्हॅन किती?’ ते ‘पूर्वेला काही बघण्यासारखं नाही’ म्हणाले, तर दुसऱ्यांना विचारा. आणि आजपासून सासूबाईंना संध्याकाळी घराभोवती अर्धा तास मोजे घालून चालायला लावा.